प्रेक्षणीय स्थळ

माह्या पोट्टीच्या, म्हणजे पूर्णिमाच्या, तोंडातून ळ निघत नाही. माह्या सासूबाई जुन्या वऱ्हाडातल्या. त्या डोळ्याले 'डोया' म्हणत, केळ्याले 'केयं' म्हणत. मी नागपूरच्या इंदोऱ्यात मराठी शाळेत शिकली, मास्तरनं पट्टीच्या जोरावर ळ शिकवला, म्हणून मी 'डोळा' म्हणते अन ठसक्यात म्हणते. अन ही पोट्टी इकडं रायपूरजवळच्या अभनपूरले हिंदी शाळेत शिकली, तर हिचा झाला 'डोला'. एका घरात एक डोळा तीन तऱ्हेचा. मराठी तिले सगळं समजते, अर्धी शिवी दिली तरी पुरी समजते, पण उत्तर हिंदीत. मी मराठीत ओरडते, ती हिंदीत ओरडते, अन आमचे हे, शामराव, मधात बसून चहा पितात.

ह्या एका ळपायी सालभर काय काय झालं ते सांगते. तुम्ही हसा, मले तेव्हा हसू येत नव्हतं. पोट्टी एकोणतीसची झाली होती. नव्या रायपूरले सरकारी ऑफिसात नोकरी, स्वतःची स्कूटी, सगळं चांगलं; पण लग्नाचं नाव काढलं की ताट सरकवून उठे. विहारात बाया विचारत, "काहून माया, पूर्णिमाचं जमून राहिलं का कुठं?" मी म्हणे, "पाहून राहिलो." तीन वर्षं नुसतं पाहूनच राहिलो. जेवण गोड लागेना मले.

एप्रिलात जयंती झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लाल भाजी निवडत बसली होती. पूर्णिमा बाजूले बसून मोबाईल पाहे. मी म्हटलं, "पूर्णिमा, तुह्या बापाच्या घरी येण्याआधी मी एक स्थळ पाहिलं नाही. माह्या बाबानं जे सांगतलं ते गपचूप ऐकलं. तू तरी चार-दहा स्थळं पाहा. दर रविवारी रायपूरले जाऊ, एक-एक स्थळ पाहू. काय म्हणतेस?"

मले वाटलं आता ही उठते. तर पोट्टी माह्या तोंडाकडे पाहतच राहिली. डोळे भरून आले तिचे. "मम्मी, तुमने सच में एक भी नहीं देखा?"

"नाही ना बाई. कोण दाखवते?"

"हव, तो चलेंगे. हर संडे चलेंगे. पक्का!" अन तिनं माह्या गळ्यात हात टाकले. भाजीसकट.

आंधळा मागतो एक डोळा अन देव देतो दोन, तसं झालं मले. मी भाजी तशीच टाकली अन ह्यायले उठवाले गेली. आमचे हे तीस-बत्तीस वर्षं रायपुरात गुढियारीच्या रेल्वे मालधक्क्यावर बाबू होते. आठवडाभर गाडीनं जाणं-येणं, अन रविवार झोपेचा. रिटायर झाले तरी रविवार झोपेचाच. मी म्हटलं, "अवो उठा, पोट्टी स्थळ पाहाले तयार झाली!" हे उठून बसले अन म्हणाले, "हिंदीत विचारलं का मराठीत?" मी म्हटलं, तोंड पाहा यायचं, शुभ बोलाले काय होते? पण बरोबर तेच विचारलं होतं त्यायनं. मले कळलं नाही.

पहिला रविवार. पूर्णिमा म्हणे तेलीबांधा तलाव. मले वाटलं, पोट्ट्यानंच जागा ठरवली असेल, आजकाल असंच करतात. मी कोशाची रेशमी साडी नेसली. पोह्यांचा डबा घेतला, वरून खोबरं अन सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालून. ह्यायनं दाढी केली, पांढरा शर्ट घातला. अन पोट्टी जीन्सवर टोपी अन काळा चष्मा लावून आली. मी मनात म्हटलं, तयार झाली हेच पुष्कळ.

तलावावर गर्दी. मी प्रत्येक पोट्ट्याकडे पाहून राहिली होती. नावेपाशी एक उंचपुरा पोट्टा निळा शर्ट घालून उभा होता. आम्हाले पाहून हसला. पूर्णिमा त्याले म्हणाली, "भैया, तीन." होणाऱ्या नवऱ्याले भैया! पण पोट्टा मोठा नम्र. ह्यायच्या अंगात ते केशरी जाकीट घालून दिलं, बंद लावून दिले. मी ह्यायले कोपर मारलं. हे लागले विचाराले, "गाव कोणतं तुमचं?"

"धरसींवा, अंकल."

"आडनाव?"

"साहू."

हे माह्याकडे पाहाले लागले. मी डोळ्यानंच सांगतलं, चालते, विचारा पुढं. मन घट्ट केलं होतं मी. जातपात पाहाची नाही असं विहारात दर वर्षी भाषणात ऐकते ना मी, मंग! मी पोह्यांचा डबा उघडून त्याच्यापुढं धरला. त्यानं एक घास खाल्ला, "मस्त है आंटी" म्हणाला. ह्यायनं विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"बीवी है, दो बच्चे हैं. अंकल, बीच में बैठिए, नाव झुक रही है."

डबा माह्या हातातून पाण्यात पडता पडता राहिला.

परत येताना बसमध्ये पूर्णिमा विचारते, "कैसा लगा स्थल?"

"कोणतं स्थळ?" मी फुटलीच.

"अरे, तालाब! दर्शनीय स्थल! तुमने ही तो बोला था, जिंदगी में एक भी स्थल नहीं देखा. अगले संडे मॉल चलेंगे."

हे जे हसाले लागले, बसचा कंडक्टर वळून पाहाले लागला. मी कपाळाले हात लावला. तिच्या ध्यानात ना स्थळ होतं, ना लग्न. तिले वाटलं, बिचाऱ्या मम्मीनं जन्मात एक प्रेक्षणीय जागा पाहिली नाही. सांगून टाकावं असं ओठावर आलं होतं. मंग मनात म्हटलं, थांब माया. सांगतलं तर ही पुन्हा ताट सरकवते. असं कर, तिचं स्थल होऊ दे, अन त्यात तू आपलं स्थळ बसव.

गुढियारीले अंजनाबाई राहतात. अर्ध्या रायपूरची लग्नं त्यायनं लावली अन उरलेल्या अर्ध्याची मोडली. मी त्यायले फोन केला. ठरलं असं की आम्ही जिथं फिराले जाऊ तिथं पोट्ट्याकडचे आधीच येऊन बसतील, अन मी एकदम म्हणीन, "अगबाई, तुम्ही इथं कसे!" म्हणजे पूर्णिमाले वाटेल, योगायोग.

मे महिन्यात मॉल. बाहेर ऊन असं की चप्पल डांबराले चिकटे, अन आत थंडगार. आमच्या ह्यायले ते इतकं आवडलं की म्हणे, दर रविवारी इथंच येऊ, काही घेऊ नको, नुसते बसू. वरच्या मजल्यावर अश्विन नावाचा पोट्टा आईबापासंग बसला होता. मी मनात वाक्य घोळत चालली होती. पण तो सरकता जिना! मी एक पाय ठेवला, तो वर गेला, दुसरा खालीच. दोन पोरींनी मले धरून बाजूले केलं. तोपर्यंत हे अन पूर्णिमा वर पोहोचले, अन ह्यायनं भर मॉलमध्ये मोठ्यानं माहं वाक्य म्हणून टाकलं, "अगबाई, तुम्ही इथं कसे!" मिशीवाला माणूस अन अगबाई! अश्विनच्या बापाले वाटलं हा कोणी वेडा आहे. मी साध्या जिन्यानं धापा टाकत वर पोहोचली तेव्हा अश्विन पूर्णिमाले विचारून राहिला होता, "सॅलरी हातात किती येते?" अन पूर्णिमा म्हणत होती, "काहे भैया, लोन देना है क्या?" झालं. संपलं अश्विनचं.

आता खरं सांगते, मले ज्याच्यात जीव होता ते स्थळ पुढं होतं. ऑगस्टात. यशदीप. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात इंजिनियर, बाप नाही, आई पद्मजाबाई, घर गुढियारीतच. अंजनाबाई म्हणे, असं स्थळ पुन्हा येणार नाही. मी मुद्दाम विहारात जाऊन दोन मेणबत्त्या जास्त लावल्या.

जागा पूर्णिमानं काढली ती नव्या रायपूरचं मुक्तांगण, गावकलेचा मोठा बगीचा. पाऊस भुरभुर. मातीचे घोडे, मातीचे हत्ती, ओल्या भिंतींवर चित्रं. ह्यायले मी बजावलं होतं, तुम्ही तोंड उघडाचं नाही. मी म्हटलं, "अगबाई, तुम्ही इथं कसे!" अन सगळं बरोबर जमलं. एका झोपडीच्या पडवीत आम्ही सगळे बसलो. पोट्टा सावळा, शांत. स्वतःची छत्री ह्यायले देऊन आपण भिजत आला होता. पूर्णिमानंही त्याच्याकडे दोनदा पाहिलं. मी पाहत होती ना! माह्या मनात मांडव पडला.

अन ही पद्मजाबाई. बोलणं असं की शब्द इस्त्री करून ठेवलेले. "आमच्याकडे ना, शुद्ध मराठी लागतं हो. यशदीपला मी लहानपणापासून तशीच सवय लावली." मी म्हटलं, "हो का." डब्यात केळी होती, पूर्णिमानं एक त्यायच्यापुढं केली. "आंटी, केला लीजिए."

"केळं म्हण बेटा."

"केलं."

"नाही, नाही. के-ळं. जीभ वर लाव."

"के... लं."

पद्मजाबाई हसल्या. तोंडावर पदर घेऊन, पण हसल्या. म्हणाल्या, "अहो मायाताई, उद्या नातवंडांना काय शिकवेल ही? आई मराठी अन लेकीला ळ येत नाही?" यशदीप म्हणाला, "आई, पुरे." पण तोपर्यंत पूर्णिमाचं तोंड एवढंसं झालं होतं. माही पोट्टी, जी ऑफिसात साहेबाले गप्प करते, ती केळं हातात धरून खाली पाहत होती.

माह्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "ऐका पद्मजाबाई. माही पोट्टी ल म्हणू द्या नाही तर क्ष म्हणू द्या, माणसाच्या तोंडावर हसत नाही. तुमच्या ळचं लोणचं घाला अन बसा चाटत." ह्यायनं मातीच्या हत्तीकडे तोंड केलं. मी डबा बंद केला, पोट्टीले उठवलं अन भर पावसात निघून आली.

संध्याकाळी अंजनाबाईचा फोन. "माया, तुह्या तोंडापायी हे स्थळ गेलं. मी आता रायपुरात कोणाले तुह्या घरचं सांगणार नाही." फोन ठेवला अन मी चुलीपाशी बसून राहिली. मी बोलली ते बरोबरच बोलली, आजही म्हणते. पण पोट्टीचं जमत आलेलं मीच मोडलं, हेही खरं होतं. शिवाय सगळं उघडं पडलं होतं. पूर्णिमा बाजूले येऊन बसली. म्हणाली, "मम्मी, हर जगह एक आंटी अपने लड़के के साथ संयोग से मिल जाती है. मैं बच्ची हूँ क्या?" मले वाटलं, आता संपलं रविवारचं जाणं. तर ती म्हणते, "अगला स्थल कौन सा देखना है?"

म्हणून आम्ही जातच राहिलो. पाहण्यासारखं माह्यासाठी काही उरलं नव्हतं, पण पोट्टी इतक्या हौसेनं नेई की नाही म्हणता येईना. दिवाळीच्या आधी म्युझियम. दिवाळीनंतर जंगल सफारी. आमचे हे वाघापुढं असे उभे राहिले की जसा मालधक्क्यावरचा जुना दोस्त भेटला. रविवारी सकाळी आता हेच आधी उठत, डबा बांधला का विचारत. माहं लक्ष नसे. नवऱ्यासंग फिरणारी कोणतीही पोट्टी दिसली की मी तिकडंच पाहत बसे. अन कुठंही गेलो तरी पूर्णिमा आम्हाले बाकावर बसवे, म्हणे, "आप लोग बैठो, मैं टिकट लेके आती हूँ," अन अर्धा-अर्धा तास येत नसे. मी म्हणे, "एवढा वेळ?" ती म्हणे, "लाइन बहुत लंबी थी." मी त्या तिकिटवाल्यायले किती शिव्या दिल्या, काही विचारू नका. तीन तिकिटं फाडाले एवढा वेळ!

जानेवारीत मी म्हटलं, बस झाले वाघ-सिंह, आता रोडगे करू. थंडीत नदीकाठी रोडगे, ही आमच्या माहेरची रीत. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजाचे, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीसंग खायचे. महादेवघाटाच्या अलीकडे खारून नदीच्या रेतीत आम्ही गोवऱ्या पेटवल्या. ह्यायनं फुंकणी धरली, मी वांगी चिराले बसली. पूर्णिमानं पर्स खांद्याले लावली. "मैं टिकट लेके आती हूँ."

"हो, जा," मी म्हटलं.

दोन वांगी चिरली. तिसऱ्यावर विळी थांबली. मी मान वर केली. चारही बाजूले पाहिलं. रेती, नदी, अन दोन बकऱ्या.

"पूर्णिमा! कायचं तिकीट? बकऱ्यायचं?"

पोट्टी जागच्या जागी उभी. कानापर्यंत लाल. मी ह्यायकडे पाहिलं तर ह्यायनं तोंड धुरात घातलेलं. "तुमाले माहीत होतं?"

"मले काय माहीत," हे खोकत म्हणाले. मंग थोडं थांबून म्हणाले, "पण पोट्टा चांगला आहे."

पूर्णिमा येऊन माह्यापुढं बसली. मुक्तांगणवाला, म्हणे. त्याच दिवशी त्यानं अंजनाबाईकडून नंबर घेऊन माफी मागाले फोन केला होता. मंग आम्ही म्युझियमले गेलो तेव्हा तिकीट-खिडकीपाशी स्वतः उभा राहिला. मंग दर रविवारी, दर खिडकीपाशी. अन पप्पा वाघ पाहता पाहता एकदा त्या दोघांनाच पाहून बसले.

मले राग याले पाहिजे होता. आलाही. "अन त्याची आई? जिनं माह्या लेकीले शाळेतल्यासारखं केळं म्हणाले लावलं?"

"वो भी आई है. ऊपर रोड पे, ऑटो में. उतर नहीं रही है."

मी वर पाहिलं. रस्त्याच्या कडेले ऑटो उभा. बाजूले यशदीप, हातात केळीची फणी घेऊन, जसा परीक्षेले बसला. मी काही बोलणार, तर पूर्णिमानं माहे वांग्यानं काळे झालेले हात धरले. ओठ ओले केले. मास्तरपुढं उभं राहतात तशी सरळ झाली अन म्हणाली, "आई, हे स्थळ मले पसंत आहे."

मले आधी कळलंच नाही काय झालं. मंग कळलं.

"पुन्हा म्हण."

"स्थळ."

"केळं म्हण."

"केळं."

"डोळा म्हण."

"डोळा. बस ना मम्मी!"

"कोणं शिकवलं तुले?"

"उसी ने. टिकट की लाइन में."

मी रडली. गोवऱ्यांचा धूर होता, पण मी धुराचं नाव सांगत नाही, रडलीच. एकोणतीस वर्षं मले जे जमलं नाही ते त्या पोट्ट्यानं तिकिटाच्या लायनीत केलं होतं. जो पोट्टा आपल्या आईच्या चुकीपायी दर रविवारी उन्हात उभा राहते, त्याले मी नाही कशी म्हणू?

पण पद्मजाबाईचा हिशोब बाकी होता. ऑगस्टापासून एक चांगलं खरमरीत उत्तर मी पोटात जपून ठेवलं होतं. मी साडी झटकली अन रस्त्यावर चढली. यशदीप वाकला, "जय भीम, काकू." मी त्याच्या हातची फणी घेतली, एक केळं तोडलं अन ऑटोत पुढं केलं. पद्मजाबाई तिकडं तोंड करून बसलेल्या. हातातल्या रुमालाचा पिळा करून राहिल्या होत्या. तेव्हा माह्या ध्यानात आलं, की ह्या बाईले माह्यापेक्षा जास्त भेव वाटून राहिलं आहे. एकुलता एक पोरगा तिचा.

तरी मी म्हटलं, ठसक्यात, "घ्या. केळं."

त्या दचकल्या. माह्याकडे पाहिलं, केळ्याकडे पाहिलं, अन घाईघाईत बोलून गेल्या, "नको वं बाई, थंडीत मले केयं चालत नाही. घसा धरते."

पद्मजाबाईनं तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग? यशदीप आभाळाकडे पाहाले लागला. मागून पूर्णिमा धावत वर आली होती, तिचे डोळे एवढे मोठे झाले.

अन माहं ते जपलेलं उत्तर कुठं गेलं, मले सापडलंच नाही. सासूबाई आठवल्या. चुलीपाशी बसून 'केयं खाय वं माया' म्हणणाऱ्या. मले हसू फुटलं, असं फुटलं की मी ऑटोच्या दांड्याले धरून उभी राहिली. पद्मजाबाई आधी रडवेल्या झाल्या, मंग त्याही हसाले लागल्या. मी त्यायचा हात धरला.

"उतरा विहीणबाई, रोडगे जळून राहिले. केयं म्हणा, केळं म्हणा, केला म्हणा. आमच्या घरी तिन्ही चालते."